मदत हवी आहे: सांगितलेली तपासणी पेशंटने केलीच नाही, हे तुम्हाला कळतं कसं?

नमस्कार मंडळी. मी जनरल प्रॅक्टिस करतो. दवाखाना लहान: मी, आणखी एक डॉक्टर आणि काउंटर सांभाळणाऱ्या ताई. आलेले रिपोर्ट आम्ही त्याच दिवशी बघतो, त्यात हयगय नाही. घोळ आहे तो न आलेल्या रिपोर्टांचा.

गेल्या आठवड्यात एक काका आले, वय ६४. जिना चढला की दम लागतो म्हणाले. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. जुनी नोंद काढली. चार महिन्यांपूर्वी माझ्याच अक्षरात लिहिलेलं: सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), रिपोर्ट घेऊन येणे. विचारलं तेव्हा त्यांनी पाकिटातून ती चिठ्ठी काढली. इतक्या वेळा घडी घातलेली की मधल्या रेषेवर कागद विरून गेला होता. "करणारच होतो डॉक्टर, पण मध्ये जरा बरं वाटलं." आता हिमोग्लोबिन ७ आहे, लोह कमी आहे, आणि या वयाच्या पुरुषात लोह कमी म्हणजे पोटातून कुठे रक्त जातंय का हे बघावंच लागतं. वरून आणि खालून, दोन्ही दुर्बिणी सांगितल्यात. तेच चार महिन्यांपूर्वी झालं असतं.

चूक त्यांची म्हणून मला मोकळं होता येत नाही. "रिपोर्ट घेऊन येणे" लिहिलं की माझ्या डोक्यातून विषय संपतो, हे खरं दुखणं.

वही ठेवून पाहिली, तिसऱ्या आठवड्यात बंद पडली. लॅबकडे यादी मागितली, पण जो गेलाच नाही तो त्यांच्याकडे कुठून असणार? सॉफ्टवेअरमध्ये "आलेले रिपोर्ट" असा कप्पा आहे, "यायचे राहिलेले" असा नाही. तुम्ही काय करता? फोन किती वेळा करायचा? घरच्यांनी उचलला तर काय बोलायचं? आणि सरळ "नको" म्हणणाऱ्याचं काय?

प्रतिसाद १ (मीही जीपी)

वही बंद पडली कारण तुम्ही सगळंच तिच्यात लिहिलं असणार. नेहमीचं कोलेस्टेरॉल राहिलं तर पुढच्या भेटीत विचारा, त्यासाठी फोन नको. यादीत दोनच प्रकार ठेवा. एक, ज्यात गंभीर आजाराची शंका आहे: शौचात रक्त, न थांबणारा खोकला, कारण नसताना घटलेलं वजन, तुमच्या काकांसारखा अॅनिमिया. दोन, ज्या औषधांवर लक्ष ठेवावंच लागतं: मेथोट्रेक्सेट, लिथियम, वॉरफरिन. बीपीची काही औषधं सुरू केल्यावर १-२ आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) आणि पोटॅशियम बघायचं असतं, तेही यातच.

नोंद चिठ्ठी लिहितानाच करायची, समोर तारीख टाकून: "या दिवसापर्यंत रिपोर्ट नाही आला तर शोधा." आणि ती यादी आठवड्यातून एकदा कोण उघडणार ते नावानिशी ठरवा, त्या रजेवर असतील तेव्हा कोण तेही. आमच्याकडे दोघांनी बघायचं ठरलं होतं, म्हणजे कुणीच बघत नव्हतं.

प्रतिसाद २ (लॅबमध्ये काम करते)

डॉक्टर, "केलीच नाही" यातले बरेच जण आमच्या दारापर्यंत येऊन गेलेले असतात. कुणी खाऊन आला म्हणून परत पाठवला, तो पुन्हा उगवत नाही. खरं तर सीबीसी, टीएसएच (थायरॉइडची), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची) यांना उपाशी राहायची गरज नाही. चिठ्ठीवर एवढं लिहिलंत तरी फरक पडेल.

दुसरं, सॅम्पलच बाद होतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये गुठळी झाली की सीबीसी लागत नाही. सॅम्पलमधल्या रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, मग आम्ही पुन्हा सॅम्पल मागतो. फॉर्मवरचा नंबर चुकीचा असला की विषय तिथेच थांबला. सगळ्यात फसवं म्हणजे अर्धा रिपोर्ट: चार तपासण्या लिहिलेल्या, तीन आल्या, कागद हातात आला म्हणून तुम्ही सही करून मोकळे. रिपोर्ट आला का एवढंच बघू नका, चिठ्ठीशी ताडून बघा.

प्रतिसाद ३ (मी पेशंट)

शौचाच्या तपासणीची डबी माझ्या कपाटात दोन महिने पडून होती. लाज वाटत होती हे एक, आणि काही निघालं तर, हे दुसरं. कशासाठी करायची ते मला नीट सांगितलंही नव्हतं. मग दवाखान्यातून फोन आला. "अजून का नाही केली" असं विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती. त्या बाईंनी विचारलं, "काही अडलंय का?" दुसऱ्या दिवशी डबी दिली.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. अर्ध्या रिपोर्टचं वाचून पोटात गोळा आला. काल मागच्या महिन्याच्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या, तर मीच सही केलेल्या दोन रिपोर्टांत एकेक तपासणी गायब. एकीचं सॅम्पल बाद झालं होतं, आम्हाला पत्ताच नाही.

यादी सुरू केली आहे, दर शुक्रवारी ताई उघडतील, त्या नसतील तेव्हा मी. दोन फोन, मग एक पत्र. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर "दवाखान्यात फोन करायला सांगा" एवढंच, तपासणीचं नावही नाही. आणि "काही अडलंय का" हे वाक्य ताईंनी फोनशेजारी चिकटवलंय.

"नको" म्हणणाऱ्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. काल एका आजींना दुर्बीण का हवी ते समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. कारण सांगितलं, धोका सांगितला, नकार दिला असं लिहून ठेवलं. त्यांचं नाव यादीतून काढायचं की तीन महिन्यांनी पुन्हा एकदा विचारायचं? तुम्ही काय करता?