बार्बेक्यूचा सिलिंडर रात्री घरात ठेवला तर चालेल का?

भटका_बोका: सुट्टीत पोरं जमलीयत, रोज बार्बेक्यू चाललंय, सिलिंडर बाहेर उन्हात तापतो म्हणून आणून जिन्याखाली ठेवतोय, चालेल ना?

खमंग: अजिबात नको रे! हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचून राहतो, मग एक ठिणगी पुरे. बाहेरच सावलीत ठेव, उभा, आडवा नाही.

आळशी_आचारी: +१. जॉइंटला साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले की गळतंय समज. माझ्या पाइपला बारीक चीर होती, डोळ्याला दिसेना, फेसानेच पकडली. काडी ओढून बघू नकोस हां (आमच्या काकांनी बघितलेलं, भुवया गेल्या).

खमंग: आणि पेटवताना बार्बेक्यूचं झाकण उघडं!!

भटका_बोका: बापरे, आत्ताच बाहेर काढतो.