मदत हवी आहे: घरी बांधलेल्या गाडीचा हँडब्रेक हलवला आणि मागच्या ब्रेकचे ड्रम तापायला लागले

नमस्कार मंडळी,

मुक्काम सातारा. रहिमतपूर रोडला शेतातल्या शेडमध्ये दोन वर्षं झाली एक गाडी बांधतोय. 1957 च्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरची, बुटकी, बिनदाराची. चासी एक इंची चौकोनी पाइपची. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), सगळं भंगारातल्या एका ओमनीचं. 796 सीसी, जोर मागच्या चाकांना, म्हणून तर ओमनी धरली. गाडी रस्त्यावर काढायची नाही, बांधाच्या आतच फिरणार. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद आरटीओवर जातील.

तर अडचण अशी. हँडब्रेक दोन सीटच्या मधे, गिअरच्या मागं होता. जागा एवढी अरुंद की दुसरा गिअर टाकताना मूठ हँडब्रेकवर आपटायची. महिनाभर मुठीची सालटी काढून घेतली आणि मग तो उचलून उजवीकडं, सीट आणि बाजूच्या पाइपच्या मधे बसवला. खाली 3 एमएमची पट्टी, 8.8 चे बोल्ट, नायलॉक नट. बसवणं मजबूत आहे, त्याबद्दल शंका नाही.

पण आता दोन भानगडी झाल्यात. एकटा बसलो की गाडी ठीक चालते. शेजारी धाकट्या भावाला बसवून शेताला दोन फेऱ्या मारल्या तर करपल्याचा वास. ड्रमवर पाणी शिंपडलं तर थेंब तव्यावर नाचावेत तसे नाचले. दोन्ही ड्रम सारखेच. आणि दुसरं, शेडच्या रॅम्पवर हँडब्रेक ओढून ठेवला तरी गाडी हळूहळू मागं सरकते. म्हणजे नको तिथं धरतो आणि हवा तिथं सोडतो. रॅम्प दहा फूट लांब, दोन फूट चढ. माणसं धरून वजन साधारण 620 किलो.

काय चुकलं असेल?

प्रतिसाद, मिरजेहून

दादा, केबलचा फोटो टाका आधी. आउटर, म्हणजे तारेवरची बाहेरची नळी, कुठं संपतंय? ओमनीची केबल लांबीला पुरली नसणार, मग तुम्ही काय केलंत?

धागाकर्ता

बरोबर ओळखलंत. आउटर कापलं. लिव्हरवरून एक केबल मागं इक्वलायझरला, म्हणजे ओढ दोन चाकांत वाटणाऱ्या पट्टीला येते. तिथून दोन्ही चाकांकडं जाणारी इनर, म्हणजे आतली तार, उघडीच, चासीच्या एका कडीतून थेट ड्रमला. म्हटलं, तार ओढली जातेय ना, मग आउटर कशाला पाहिजे.

प्रतिसाद, मिरजेहून

तिथंच घात झाला. आउटर म्हणजे तारेवरचा रेनकोट नव्हे. आउटरची दोन टोकं दोन ठिकाणी टेकतात, एक चासीवर आणि एक ड्रमच्या बॅकप्लेटवर (ड्रममागची न फिरणारी तबकडी). इनरचा ताण तेवढ्याच ताकदीनं आउटर दाबतो. त्यामुळं ॲक्सल वरखाली झाला तरी आउटर फक्त वाकतं, आतली लांबी तीच राहते. तुमची तार उघडी. शेजारी माणूस बसला, पाटे दबले, कडी आणि ड्रममधलं अंतर बदललं, की हँडब्रेक आपोआप ओढला गेला. भावाच्या वजनानं ब्रेक लागतोय तुमचा!

आउटर पूर्ण लांबीचं करा, दोन्ही टोकांना पक्का टेका द्या आणि मधे मोकळा बाक ठेवा. एक्झॉस्टपासून लांब.

प्रतिसाद, कुपवाड एमआयडीसी

रॅम्पवर सरकायचं कारण वेगळं वाटतंय. लिव्हरमध्ये काही बदल केलाय का? पिव्हटपासून, म्हणजे लिव्हर ज्या खिळीवर फिरतो तिथून, केबलचं भोक किती अंतरावर आहे?

धागाकर्ता

केलाय. तारेला ढिल फार राहत होती, म्हणून भोक 40 एमएमवरून 60 वर नेलं. जास्त तार ओढली जावी म्हणून. मूठ पिव्हटपासून 300 वर आहे.

प्रतिसाद, कुपवाड एमआयडीसी

मग हिशोब बघा. आधी 300 भागिले 40, साडेसात पट. आता 300 भागिले 60, पाच पट. हातानं 30 किलोची ओढ दिली तर केबलला आधी 225 किलो मिळायचे, आता 150. इक्वलायझर ते दोन चाकांत वाटतो, म्हणजे प्रत्येकी 112 च्या जागी 75. तार जास्त आली पण जोर एक तृतीयांश गेला. तुमचा रॅम्प पाचास एक, म्हणजे 20 टक्के. 620 किलोची गाडी तिथं साधारण 120 किलोनं खाली ओढते. युरोपच्या नियमातही पार्किंग ब्रेकनं 20 टक्के चढ-उतारावर गाडी धरायची आणि हाताची ओढ 400 न्यूटनच्या आत, म्हणजे 40 किलोच्या जवळपास. रॅम्प चांगला बांधलाय तुम्ही, चाचणीलाच!

भोक परत 40 वर. ढिल केबलच्या लांबीत काढायची असते, लिव्हरमध्ये नव्हे. आणि क्रम चुकवू नका: केबल पूर्ण सैल, मग ड्रममधले लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) सेट, शेवटी केबल. पाच-सहा खटक्यांत धरला पाहिजे.

प्रतिसाद, कराडहून

एवढा उद्योग कशाला, हायड्रॉलिक हँडब्रेक लावा की राव. ड्रिफ्टिंगवाले लावतात.

प्रतिसाद, कुपवाड एमआयडीसी

त्यांना चाक दोन सेकंद अडवायचं असतं. रात्रभर उभ्या गाडीत ऑइलचा दाब हळूहळू उतरतो. गाडी उभी करायला तारच हवी.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. केबलवाल्याला माप दिलंय, परवा मिळेल. भोकाची चूक माझीच, वेल्डिंगनं बुजवून परत पाडतो.

एक उरलंच. दार नसल्यानं पाय टाकून आत उतरावं लागतं आणि उजवीकडच्या लिव्हरमध्ये पँट अडकते. काल घरच्या लुंगीवर चाललो होतो, तपशील विचारू नका. जुन्या सेव्हनमध्ये हँडब्रेक डॅशखाली, प्रवाशाच्या बाजूला असायचा. महिंद्राच्या जुन्या जीपलाही डॅशमधून ओढायची मूठ होती. तसं करायचं तर लिव्हरचा पिव्हट आडवा करून केबल फायरवॉलजवळून, म्हणजे इंजिन आणि सीटच्या मधल्या पत्र्याजवळून, वळवावी लागेल. वळण किती मोठं ठेवू, म्हणजे इनर आउटरला घासणार नाही? कुणी केलं असेल तर केबल मागवायच्या आधी सांगा, परवा दुकानात एकदाच माप बदलता येईल.

प्रतिसाद, मिरजेहून

वळण जेवढं मोठं तेवढं बरं. एकच सलग बाक द्या, एस आकार नको. सायकलच्या चाकाला तार गुंडाळून बघा, त्याहून घट्ट वाकवू नका. आणि केबल वीतभर जास्तच सांगा, कापता येते, वाढवता येत नाही.