मुरबाडजवळ उन्हाळी निवासी शिबिर: सहा आठवड्यांत जागा आणि ताई-दादा कसे तयार करावेत?

येऊरकाठ

ठाण्यातली 10 ते 14 वर्षांची मुलं, एका तुकडीत 60, पाच-पाच दिवसांच्या चार तुकड्या, सुरुवात 1 मे. जागा खासगी, मुरबाडच्या आत, जंगलाच्या हद्दीला लागून. दोन पक्क्या खोल्या, स्वयंपाकघर, सहा संडास, बोअरवेल, 5,000 लिटरच्या दोन टाक्या, 15 तंबू. गेल्या जूनपासून सगळं बंद आहे. 40 फुटी कातळावर रॅपलिंग (दोराने खाली उतरणं), शिवाय एक झिपलाइन (ताणलेल्या तारेवरून घसरत जाणं). कार्यकर्ते म्हणजे ताई-दादा 14, त्यातले निम्मे नवे. स्वयंपाकाचे सहा जण वेगळे. साप येऊ नयेत म्हणून भोवती कार्बोलिक ॲसिड (उग्र वासाचं जंतुनाशक) टाकायचा विचार आहे. आधी काय हाती घ्यावं?

टाकीवर_चढा

आधी पाणी. दोर, तंबू, टी-शर्ट सगळं नंतर.

80 माणसं, डोई 60 लिटर, म्हणजे रोज 4,800. तुमच्या दोन टाक्या म्हणजे जेमतेम दोन दिवसांचा साठा. मेमध्ये वळवाचा वारा सुटला की तारा तुटतात, वीज जाते आणि पंप बसतो. म्हणून रोज संध्याकाळी दोन्ही टाक्या भरलेल्या हव्यात. बोअरवेल आत्ता सलग दोन तास चालवा आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत 20 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी फसवं असतं, ते नुसतं साठलेलं असतं. मेअखेरीस धार अजून बारीक होणार हे धरून टँकरवाल्याशी आजच बोलून ठेवा.

टाकी आतून घासा, गाळ काढा, मग भरून 5,000 लिटरला पाऊण किलो टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी सगळं सोडून द्या. त्यानंतर रोजचा डोस 5,000 लिटरला 30 ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी ओता. अर्ध्या तासाने सर्वांत लांबच्या नळाची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते थेंब टाकून बघणं) करा, फिकट पिवळा रंग आला पाहिजे. रंगच आला नाही तर बहुतेक वेळा पावडर मेलेली असते. उघड्या पिशवीतलं टीसीएल दमटपणाने महिन्याभरात निकामी होतं, त्यामुळे गेल्या वर्षीचं वापरूच नका.

सहा संडास 80 जणांना काठावर पुरतात, एक बंद पडला की सकाळी सातला रांग. दहा महिने बंद संडासाला जो वास येतो तो टाकी भरल्याचाच असेल असं नाही. ट्रॅपमधलं, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीत वास अडवणारं पाणी उडून गेलेलं असतं. दोन बादल्या ओता आणि मगच मैलागाडी बोलवायची की नाही ते ठरवा. संडास धुवायचं ॲसिड आणि टीसीएल एकाच कपाटात ठेवायचं नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. मुलींच्या बाजूला पॅड आणि झाकणाची कचरापेटी ठेवा. 11-12 वर्षांच्या मुलीला पहिली पाळी शिबिरातच येऊ शकते, ताईंना ते आधी सांगून ठेवा.

आठचीगाठ

झिपलाइनबद्दल. 12 मिमी तार असेल तर प्रत्येक टोकाला बुलडॉग क्लिप (दुमडलेली तार आवळून धरणारे नट-बोल्टचे चिमटे) किमान तीन, मी चार म्हणेन. क्लिपचं खोगीर (खाचेचा जाड भाग) भार घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटी बसवलेली क्लिप भाराची तार चेपते, आणि लांबून ते कळतही नाही. पहिला भार पडला की तार किंचित बारीक होते आणि नट ढिले पडतात, म्हणून चाचणीनंतर पुन्हा आवळायचे. तारेवरून सुती फडकं फिरवा. ते जिथे अडकेल तिथे पदर तुटलाय, मग ती तार वापरायची नाही. चाचणी 25 किलो आणि 80 किलो अशी दोन्ही पोत्यांनी करा. हलकं मूल मधेच थांबतं, जड माणूस ब्रेकवर आदळतो.

रॅपलिंगला स्टॅटिक (न ताणणारा) दोर 10.5 ते 11 मिमी, बिलेचा, म्हणजे वरून मुलाला धरून ठेवणारा सुरक्षेचा दोर वेगळा, अँकर (दोर बांधायच्या पक्क्या जागा) दोन स्वतंत्र. पूर्ण दोर बोटांतून सरकवत तपासा. कुठे मऊ पडलाय, चपटा झालाय किंवा आतला गाभा हाताला लागतोय, तर तिथे कापून टाका. उत्पादनाची तारीख सापडत नसेल तर तो दोर फक्त गाठी शिकवायला. 40 किलोच्या आतल्या मुलांना कंबर नसतेच, नुसता कमरेचा पट्टा घसरतो, त्यांना फुल बॉडी हार्नेस (खांद्यांवरूनही येणारे पट्टे). मुख्य दोर सोडता येईल असा बांधा (इटालियन हिच ही भाराखालीही सरकवता येणारी गाठ, आणि ती लॉक करून). कारण हमखास होणारा घोटाळा एकच: वेणी नाहीतर टी-शर्ट डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरताना वेग धरणाऱ्या कडीत) ओढला जातो आणि मूल मधेच लटकतं. वरून दोर ढिला करून त्याला खाली आणता आलं पाहिजे. केस हेल्मेटच्या आत, टी-शर्ट खोचलेला. आणि हे सगळं सकाळी साडेनऊच्या आत. त्यानंतर कातळ हाताला चटके देतो.

राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. केली नसेल तर उद्याच अर्ज करा.

येऊरकाठ

नोंदणीचा अर्ज गेलाय. नव्या सात जणांना दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरेल ना? आणि कार्बोलिकबद्दल कोणीच बोललं नाही.

रातपाळी

कार्बोलिकने साप अडत नाहीत, मुलांची कातडी मात्र भाजते. ते पैसे मच्छरदाण्यांना घाला. तंबूभोवती दहा फूट गवत काढा, सरपण आणि विटांचा ढीग झोपायच्या जागेपासून लांब न्या, खरकटं रात्री उघड्यावर नको. खरकट्याने उंदीर येतात, त्यांच्यामागे साप. कुत्री येतात, त्यांच्यामागे बिबट्या.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणालं आणि पापण्या जड दिसल्या, तर ओवा-हिंग देत बसू नका, थेट रुग्णालय. हे वाक्य प्रत्येक ताई-दादाला पाठ हवं. दंश झाला तर अवयव हलू द्यायचा नाही, आवळपट्टी नाही, चिरा नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात आत्ताच जाऊन दोन गोष्टी विचारा: प्रतिसर्पविषाच्या किमान दहा कुप्या असतात का, आणि व्हेंटिलेटर कुठे आहे. मुलांनाही डोस मोठ्यांइतकाच लागतो. तिथवर एकदा रात्री गाडी नेऊन वेळ मोजा. 108 जरूर लावा, पण स्वतःची गाडी तोंड रस्त्याकडे करून, चावी ठरल्या खिळ्याला. वन्यप्राणी दिसला तर वनखात्याचा 1926.

आग्या मोहोळ कातळावर आहे का ते दुर्बिणीने बघा. असेल तर त्या कातळावर रॅपलिंग नाही. धूर करून हटवायच्या भानगडीत पडू नका.

दोन दिवस पुरणार नाहीत, पाच धरा. दोन दिवस प्रथमोपचार, एक दिवस दोर, उरलेले दोन दिवस-रात्र जागेवर राहून. रात्री अकराला न सांगता शिट्टी तीनदा वाजवा आणि सगळ्यांची मोजणी किती मिनिटांत होते ते बघा. पाचच्या वर गेली तर पुन्हा. हरवलेल्या मुलाचा शोध, वळवात तंबू सोडून पक्क्या खोल्यांत जाणं, हेही करून घ्या. 60 मुलं म्हणजे आठ गट, गटाला एक ताई किंवा दादा. उरलेल्या सहांत दोन दोरावर, दोन रात्रपाळीला, एक प्रथमोपचाराला, एक मोकळा. रात्रपाळीवाल्याला दिवसा झोपू द्या, नाहीतर तिसऱ्या रात्री तो खुर्चीतच घोरतो.

सर्वांची पोलीस पडताळणी, स्वयंपाकी आणि चालकासकट. एका मुलासोबत एकटा मोठा माणूस कधीच नाही, तंबूत तर नाहीच. पॉक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) आणि 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) पहिल्याच दिवशी सांगा.

टाकीवर_चढा

एक राहिलं. 11 ते 4 सावलीतलेच खेळ, आणि पाणी शिट्टीवर प्यायचं. मागेल तेव्हा देऊ म्हटलं तर मुलं मागत नाहीत. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये. ग्लासात अर्धं पाकीट कालवणारा दादा प्रत्येक शिबिरात एक असतोच.

येऊरकाठ

रविवारी बोअरवेलची धार मोजून आकडा इथे टाकतो. कार्बोलिकची ऑर्डर रद्द केली.