लढाईत माणूस ‘शहीद’ होतो, ‘कामी’ येतो की नुसता ‘ठार’?

संवादवाला: सिंहगडच्या लढाईवर (1670) एका लघुपटाचे संवाद लिहितोय. मावळा धापा टाकत येऊन सांगतो, ‘सुभेदार शहीद झाले!’ दिग्दर्शकाला हाच शब्द हवाय, मला खटकतोय. दुसरं काय सुचतंय?

मोडीप्रेमी: खटकायलाच हवा, पण अरबी आहे म्हणून नव्हे. फौज, हवालदार, किल्लेदार कुठून आले? तुमचा ‘सुभेदार’सुद्धा तिकडचाच. अडचण अशी की तेव्हा ‘शहीद’ला धर्माचा रंग होता. फारसी तवारिखांत, म्हणजे इतिहासग्रंथांत, तो आपल्या बाजूने लढताना मेलेल्या मुसलमानांसाठी येतो. मावळ्याच्या तोंडी कसा बसेल?

‘हुतात्मा’ तर नकोच. तो स्वातंत्र्यलढ्याचा आणि संयुक्त महाराष्ट्राचा. ‘धारातीर्थी पडले’ला तलवारीच्या धारेचं तीर्थ चिकटलेलं आहे, शब्द देखणा आहे, पण छाती फुटेस्तोवर पळत आलेला माणूस इतकं सजवून बोलत नाही. ‘कामी आले’ किंवा सरळ ‘पडले’ घ्या.

उगाचच: ‘सुभेदार पडले’? दोर लावून कडा चढलेत हो ते. थिएटरात कुणीतरी हसणार.

संवादवाला: 😀 ‘पडले’ बाद. पण ‘कामी आले’ म्हणजे आता ‘उपयोगी पडले’ असं ऐकू येतं ना?

मोडीप्रेमी: एकट्याबद्दल बोलताना येतं. ‘पन्नास माणूस कामी आलं’ म्हटलं की कुणाचाही गोंधळ होत नाही.

सभासद बखरीतलं वर्णन मात्र वाचाच. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, मग तो डाव्या हाताचीच ढाल करून लढतो. आणि शेवटी तानाजी नि मोगलांचा किल्लेदार उदेभान, ‘दोघे ठार झाले’. दोघांना मिळून एकच क्रियापद! आपल्या सिनेमात आपला माणूस पडताना पाच मिनिटं पार्श्वसंगीत आणि एक भाषण. समोरचा एका फटक्यात आडवा.

पेपरवाली: बातम्यांतही तेच. ‘दोन जवान शहीद, तीन दहशतवादी ठार’. डेस्कवर हे बोटांतच बसलेलं असतं. गंमत म्हणजे सैन्यदलांच्या अधिकृत परिभाषेत ‘शहीद’ नाही, असं सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. मला विचाराल तर मावळ्याला ‘ठार’ही देऊ नका. आज ते शत्रूचंच क्रियापद झालंय, प्रेक्षक बिचकेल.

संवादवाला: मग ‘गड घेतला... सुभेदार गेले’?

मोडीप्रेमी: हे चांगलं आहे. घरात माणूस गेला तरी आपण ‘गेला’च म्हणतो. फक्त पुढे महाराजांच्या तोंडी ‘सिंह’ आणणार असाल तर थांबा. बखरीत आहे ते ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’.

उगाचच: दिग्दर्शकाला सांगा हे. पोस्टर छापून झालं नसेल तर.