प्लॅक्सो फेसबुकमुळे बुडालं?

‘फेसबुक आलं आणि प्लॅक्सो संपलं’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. प्लॅक्सो म्हणजे ओळखीच्यांचे नंबर-पत्ते जपणारी ऑनलाइन पत्तेवही. २००२ साली शॉन पार्कर आणि मंडळींनी काढलेल्या या पत्तेवहीची कल्पना झकास होती: मी नंबर बदलला की तुमच्या आउटलुकमध्ये (मायक्रोसॉफ्टचा ईमेल प्रोग्राम) तो आपोआप बदलणार. पण त्यासाठी समोरचाही सदस्य हवा ना! मग एकाने प्लॅक्सो घेतलं की त्याच्या यादीतल्या लोकांना ‘तुमची माहिती तपासा’ अशा मेल जायच्या. लोक जाम वैतागले. फेसबुक सर्वांसाठी खुलं होण्याआधीच नाव खराब झालेलं. पार्करची तर २००४ मध्येच हकालपट्टी झाली (आणि गडी फेसबुकचा पहिला अध्यक्ष झाला!). २००८ मध्ये कॉमकास्ट या अमेरिकी केबल कंपनीने प्लॅक्सो विकत घेतली, २०१७ अखेर टाळं. तोवर फोनच नंबर क्लाउडवर जपू लागले होते.