वहीचं मागचं पान: तुम्ही काय गिरगटता?

काल कपाट आवरताना एक जुनी वही हाती लागली. पुढच्या पानांवर मीटिंगच्या नोंदी आहेत, त्यातली एकही आता लागत नाही. मागच्या सहा पानांवर मात्र डोळेच डोळे. पापण्यांचे, बिनपापण्यांचे, एक चष्म्यातला. नोकरीतले ते तीन महिने माझ्यासाठी सगळ्यात वाईट होते आणि तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी ‘मजेत’ असंच म्हणाले असते. पान उलटलं की खांदे सैल पडायचे, एवढं मात्र आठवतं.

डूडल म्हणा, गिरगटणं म्हणा. तुम्ही काय काढता, कधी, कशानं? त्यानं खरंच हलकं वाटतं का? नसेल वाटत तर तेही लिहा. चित्रकला उत्तम असणाऱ्यांनी आज जरा मागच्या बाकावर बसावं. (हलकेच घ्या.)

ठोकळेवाली

माझं काम फोनवर तक्रारी ऐकायचं. समोरचा संतापून बोलत असतो, मध्ये तोडायचं नाही असा दंडक. मग हात ठोकळे काढत बसतो. एक चौकोन, त्याच्यामागे जरा वर सरकवलेला दुसरा, चारी कोपरे जोडायचे आणि एक बाजू तिरप्या रेघांनी भरायची. आवाज चढला की पेन इतकं रुततं की खालच्या तीन पानांवर वळ उठतात. माणूस निवळला की रेघाही विरळ होतात. दिवसाअखेरीस पान पाहून कुठला फोन कसा गेला ते सांगू शकते.

एकदा साहेबांनी टोकलं, “लक्ष कुठंय तुमचं?” मी त्या ग्राहकाचं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं सांगितलं. ते काही न बोलता गेले. पुढे जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञांचा 2009 सालचा प्रयोग वाचला. 40 जणांना अडीच मिनिटांचा रटाळ निरोप ऐकवला, त्यातल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला दिले. रंगवणाऱ्यांना 29 टक्के जास्त आठवलं. हे साहेबांना दाखवायचं होतं, पण तोवर त्यांची बदली झाली होती.

अर्धवट

ठोकळेवाली, त्या प्रयोगात छापील चौकोन-गोल भरायचे होते, मनानं काही काढायचं नव्हतं. आणि मोजली ती आठवण, ताण नाही. बाकी तुमचा मुद्दा मान्य.

काळी शाई

मला नाही बुवा जमलं. कुणीतरी झेंटँगल सुचवलं. रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघांची ही पद्धत: साडेतीन इंची चौकोनी कागद, त्यावर छोट्या छोट्या नक्ष्या, खोडरबर नाही, वरची-खालची बाजूही नाही. छान आहे. पण मी सामान आणलं बारा पेनांचं, इतरांची कामं पाहिली आणि माझी रेघ त्यांच्यासारखी का येत नाही म्हणून रात्री एक वाजेपर्यंत जागलो. ताण घालवायला बसलो आणि नवा घेऊन उठलो. आता ती पेनं मुलगी वापरते. मी पुन्हा जुन्या बॉलपेनवर आणि पाकिटाच्या मागच्या बाजूवर आलोय. तिथे कुणी बघत नाही, मीसुद्धा नाही.

फळा-खडू

गणित शिकवतो. पूर्वी समासात रेघोट्या दिसल्या की वही काढून घ्यायचो. मग उलामची गोष्ट कळली. 1963 मध्ये हा गणितज्ञ एका कंटाळवाण्या भाषणात चौकटीच्या कागदावर 1, 2, 3 असे आकडे गोगलगायीच्या शंखासारखे फिरवत लिहीत बसला. मूळसंख्यांना खुणा केल्या, तर त्या तिरप्या ओळींत गोळा होताना दिसल्या! तेव्हापासून वही काढून घेत नाही. अजून कुणी उलाम निघालेला नाही, पण चाचणीआधी पाच मिनिटं ‘गिरगटा’ म्हटलं की वर्गातली कुजबुज थांबते, हे रोज पाहतो.

एक प्रश्न

धागाकर्त्या ताई, सारखे डोळे काढणं म्हणजे कुणीतरी पाळत ठेवतंय अशी भीती, असं ऐकलंय. खरं का?

अर्धवट

असल्या अर्थांपासून लांबच राहा. 2005 मध्ये दाव्होसच्या परिषदेत टेबलावर एक गिरगटलेला कागद सापडला. तो ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा समजून वृत्तपत्रांनी तज्ज्ञांकडून त्यांच्या स्वभावाची चिरफाड करून घेतली. निघाला बिल गेट्स यांचा.

धागाकर्ती

पाळतीचं माहीत नाही. मला डोळेच काढता येतात, इतकंच!

बिनझोपेची

मी काढत नाही, भरते. आई अतिदक्षता विभागात होती, आम्ही आळीपाळीनं बाहेरच्या बाकावर. फोन पाहवत नव्हता, वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं. हातात औषधांचं बिल होतं, शेजारच्या काकांकडून पेन घेतलं आणि छापील अक्षरांची पोटं काळी करायला लागले. व सोपा. ब मध्ये तिरपी पडलेली रेघ, म्हणून दोन खोल्या, आधी वरची मग खालची. क चं पोट दांड्याच्या डावीकडे, बारीक, तिथे श्वास धरावा लागतो. मग आकड्यांमधली शून्यं. शून्याच्या कडेबाहेर शाई जाऊ द्यायची नाही, बस, तेवढीच काळजी उरायची. बाकीची सगळी काळजी तिथेच असायची, पण जरा शेजारी सरकून बसल्यासारखी. दार उघडायचं, कुणाचं तरी नाव पुकारलं जायचं, आमचं नसलं की पुढचं अक्षर.

आई बरी होऊन घरी आली. विम्यासाठी बिलं लावताना माझं बिल परत आलं, आकडे वाचता येत नाहीत म्हणून. दुसरी प्रत काढून दिली. पहिली आईनं ठेवून घेतलीय. परवा पाहिलं तर माझं राहून गेलेलं एक शून्य तिनं भरलं होतं, कडेबाहेर.