विद्यापीठात नवीन आहे, सरांना शंका विचारायला केबिनमध्ये गेलं तर चालतं का?

गोदाकाठची: नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातली. यंदा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इतिहास विषय घेऊन एम.ए.ला आलेय. गावाकडच्या कॉलेजात एक दिवस दिसले नाही की सर विचारायचे, "काल कुठं होतीस गं?" इथं 411 एकरांचा परिसर, हजारो मुलं, आणि कुणाला कुणाची खबर नाही. जयकर ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत सकाळी लवकर जावं तरी टेबलावर बाटली नि रजिस्टर ठेवून जागा धरलेल्या असतात.

मुख्य इमारत पहिल्यांदा पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. हा मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला. 22 जून 1897 ला राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथंच झाला आणि परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडला चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर गाठलं. बी.ए.ला हे चार ओळींत पाठ केलं होतं. आता त्याच रस्त्यानं रोज पीएमपीने येते.

अडचण वर्गात आहे. चर्चा सुरू झाली की मुलं इंग्रजी पुस्तकांची नावं घेत बोलतात. मला मुद्दा सुचतो, तो मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. तासानंतर सरांकडे गेलेलं चालतं का? आणि अभ्यासाला सोबत कुठं मिळते?

दफ्तरवाला: नक्की जा. "सर, समजलं नाही" एवढंच घेऊन मात्र जाऊ नकोस, प्रश्न कागदावर लिहून ने. तुझ्याच लिखाणात एक आहे बघ: दुष्काळ आणि प्लेगने माणसं मरत असताना त्या समारंभावर खर्च किती झाला, आणि तो कुठल्या कागदपत्रांत सापडेल? असा प्रश्न आला की कुठलाही शिक्षक खुर्ची पुढे सरकवतो. आणि मराठीतच बोल. आमच्या वेळी निम्मा वर्ग पेपरसुद्धा मराठीत लिहायचा.

दुसरं म्हणजे, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1910 मध्ये काढलेलं. तिथं जायला लाग आणि मोडी शिकून घे. मी पीएच.डी. करतोय, अनुभवाने सांगतो: संदर्भग्रंथ सगळ्यांना मिळतात, मूळ कागद वाचणारा हजारात एखादा. तुमच्याकडच्या जुन्या वाड्यांत अजून कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवलेले असतील.

धाराशिवकर: ताई, सोबतीचं विचारलंत म्हणून सांगतो. मी कमवा आणि शिका योजनेत होतो. सकाळी बागेत काम, मग तास. पाईप धरून झाडांना पाणी घालता घालता मराठीच्या एका मुलाशी ओळख झाली. पुढे दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या नोट्स तपासल्या, अजून फोन असतो. चार पैसे सुटतात, घरी मागावं लागत नाही. फॉर्मचं विद्यार्थी विकास मंडळात विचारा, लवकर विचारा.

आकाशवेडा: परिसरातच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, नारळीकर सरांनी उभी केलेली. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती सगळ्यांसाठी खुली असते. इतिहासवाल्यांनीही यावं, आमच्याकडे आर्यभटाचा पुतळा आहे.

गोदाकाठची: सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, आजोबांच्या ट्रंकेत इनामाचे काही कागद आहेत, मोडीच असावेत. कडा खाल्ल्यात. दिवाळीला गेले की घेऊन येऊ का? इथं लॅमिनेशन करून घेते म्हणजे टिकतील.

दफ्तरवाला: लॅमिनेशन अजिबात नको! त्यात कागद कायमचा जातो, पुन्हा सोडवता येत नाही. जागचे हलवूही नकोस. उजेडात सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढ, शेजारी पट्टी ठेव म्हणजे आकार कळेल. कोरड्या सुती कापडात बांधून ट्रंक भिंतीपासून लांब ठेवायला सांग. फोटो आण, आपण बसून वाचू.